पद्मिनी सुरू व्हायला त्रास देते : कार्ब्युरेटर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न : मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि ती साधारण आठवड्यातून एकदा बाहेर निघते. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर कुठे ती सुरू होते. घोडबंदर रस्त्याने जाऊन वीसेक मिनिटे कुठे थांबलो, तर पुन्हा स्टार्ट घेत नाही. पेट्रोलचा वास येतो आणि अर्ध्या तासाने ती आपोआप सुरू होते. कार्ब्युरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) किट, प्लग आणि बॅटरी नवीन घातली, तरी फरक पडला नाही. आता मेकॅनिक दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवू म्हणतात. बसवावा का?

उत्तर : बसवू नये, निदान खालच्या तपासण्या होईपर्यंत तरी नाही. आपण एकत्र सांगितलेल्या या प्रत्यक्षात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सकाळची तक्रार बहुधा पेट्रोल न पोहोचल्याची आहे आणि गरम गाडीची तक्रार बहुधा पेट्रोल जास्त झाल्याची आहे. दोन्हींवर एकच उपाय शोधायला गेल्यामुळे किट, प्लग आणि बॅटरी असा खर्च झाला आणि गाडी होती तिथेच राहिली. वागळे इस्टेटमध्ये या गाड्यांचे काम करताना मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो : गाडी ज्या क्षणी सुरू होत नाही, त्याच क्षणी तपासायची. गॅरेजमध्ये थंड होऊन, टो होऊन आलेली गाडी आपला दोष दाखवत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात.

कार्ब्युरेटरकडे वळण्याआधी विजेचा भाग निर्विवाद करून घ्यावा, कारण अर्धवट वीज मिळालेली गाडी आणि अर्धवट पेट्रोल मिळालेली गाडी ही दोन्ही बाहेरून सारखीच वागतात. बॅटरी नवीन आहे, एवढ्याने सेल्फला आणि कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) पूर्ण व्होल्टेज मिळते असे होत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत आणि सेल्फ फिरत असताना ते साडेनऊच्या खाली जाता कामा नयेत. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावे. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंग खराब आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी हाच विजेचा परतीचा रस्ता असतो. आपल्याकडे खाडीच्या खारट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ही पट्टी बोल्टाखाली हिरवी पडते. वरून ती अखंड दिसते, म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. ती काढून, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज घासून, पुन्हा घट्ट बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याने कित्येक गाड्यांचा सेल्फ जोमाने फिरू लागलेला मी पाहिला आहे.

सेल्फ मंद फिरण्याचा परिणाम सेल्फपुरता राहत नाही. तो जास्त करंट खेचतो, त्यामुळे कॉइलला नेमके त्याच वेळी कमी व्होल्टेज मिळते आणि प्लगवरची ठिणगी दुबळी होते. ही ठिणगी डोळ्यांनी पाहावी. एक प्लग काढून, त्याला वायर लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनला पक्का टेकवून ठेवावा, प्लगच्या मोकळ्या भोकापासून आणि पेट्रोलपासून तो दूर असावा, आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारावा. निळसर पांढरी, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, धाग्यासारखी ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच विझते. आपल्या गाडीत हा प्रयोग दोनदा करावा लागेल : एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा गरम होऊन अडल्यावर. कॉइल आणि कंडेन्सर (ठिणगी जोरकस ठेवणारा छोटा भाग) हे दोन्ही थंड असताना धडधाकट आणि गरम झाल्यावर निकामी असे वागू शकतात, आणि ‘अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते’ हे लक्षण त्यांनाही तंतोतंत लागू पडते. वासावरून मी पेट्रोलकडे बोट दाखवतो आहे खरा, पण पेटले नाही तर सेल्फने ओढलेले पेट्रोलही वास मारतेच. म्हणून गरम अवस्थेतली ठिणगी पाहिल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये.

पॉइंट (कॉइलची वीज जोडणारी-तोडणारी पट्ट्यांची जोडी) पाहताना डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप काढून आतला भाग टॉर्चच्या उजेडात नीट न्याहाळावा. पॉइंटच्या एका पट्टीवर टोकदार उंचवटा आणि दुसरीवर तेवढाच खड्डा असेल, तर कंडेन्सर संशयित आहे. पॉइंट घासून वेळ मारून नेण्यापेक्षा दोन्ही एकत्र बदलावेत. या इंजिनाला पॉइंटचे अंतर ०.४५ मिलिमीटरच्या जवळपास ठेवतात. ते कमी झाले की सुरू होताना ठिणगी दुबळी होते आणि टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, सरकते. कॅपच्या आत दोन खुंट्यांच्या मधे केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती कॅप कितीही पुसली तरी पावसाळ्यात पुन्हा दगा देणार, कारण ती रेघ म्हणजे वीज जाऊन जळलेल्या बेकेलाइटची वाट असते. कंडेन्सरबाबत एक सावधगिरी सांगतो. हल्ली बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर खोक्यातूनच खराब निघतात. जुना चालू स्थितीतला कंडेन्सर काढला असेल, तर तो फेकू नका. नवा बसवून त्रास वाढला, तर तोच पुन्हा लावून पाहता येतो.

गरम असताना सेल्फ फिरता फिरता मधेच अडखळतो, जणू इंजिन उलट झटका देते, असे होत असेल तर टायमिंग जास्त पुढे आहे. ते मागे घेतल्याशिवाय कार्ब्युरेटरवर काम करण्यात अर्थ नाही.

आता सकाळच्या तक्रारीकडे येतो. ठाण्यात थंडी अशी फारशी नसते की पेट्रोलची वाफच होऊ नये. त्यामुळे इथे सकाळी लांबलेला सेल्फ दिसला की मी आधी फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, रिकामे आहे का, हे पाहतो. हे कळण्यासाठी काहीही खोलावे लागत नाही. एअर फिल्टर काढावा, सेल्फ न मारता थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची) कळ हाताने झटकन उघडावी आणि आत पाहावे. ज्या कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो, त्यात चेंबर भरलेले असेल तर पेट्रोलची बारीक, सरळ पिचकारी उडते. काहीच उडाले नाही किंवा नुसता फुसका ओलावा आला, तर चेंबर कोरडे आहे आणि मेकॅनिकल पंपाने टाकीपासून पेट्रोल ओढून ते भरेपर्यंत आपण सेल्फ मारत राहता. या पंपाला हाताने चालवायची छोटी कळ असेल, तर ती दहा-पंधरा वेळा दाबून मग सेल्फ मारून पाहावा. गाडी लगेच लागली, तर निदान पक्के झाले.

पण चेंबर रिकामे का होते, याला दोन उत्तरे आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. आठवडाभर बंद पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे चेंबर एप्रिल-मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनाने आटते. हा दोष नाही. चेंबरला हवेची वाट असतेच. म्हणून हीच तपासणी गाडी फिरवून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करावी. एका रात्रीत चेंबर कोरडे पडत असेल, तर पेट्रोल कुठून तरी गळून चालले आहे : तळाच्या पितळी प्लगमधून, झाकणाच्या गॅस्केटमधून किंवा आतल्या आत मॅनिफोल्डमध्ये (इंजिनकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमध्ये). चेंबर भरलेले आहे पण पंपाच्या आधीचा पाइप रिकामा होतो, अशी अवस्था असेल तर टाकी ते पंप या टप्प्यातली रबरी नळी हवा खेचते आहे किंवा पंपाचे व्हॉल्व्ह पेट्रोल मागे सोडत आहेत. हवा खेचणारी नळी बाहेर थेंबभरही गळत नाही. त्यामुळे नळी वाकवून तिच्या टोकांशी केसासारख्या चिरा दिसतात का, हे नखाने दाबून पाहावे लागते.

या नळ्यांबाबत आजच्या पेट्रोलचा विचार करणे भाग आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. १९८६ सालच्या गाडीचे रबर, पंपाचा डायफ्राम आणि ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा यांच्या घडणीत हे गृहीत धरलेलेच नव्हते. इथेनॉल जुने रबर फुगवते, मऊ करते आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकटा व गंज सोडवून फिल्टरमध्ये आणते. शिवाय ते हवेतले बाष्प शोषते. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीची गाडी महिनाभर उभी राहिली आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पेट्रोल उचलणारा पाइप नेमका तळाशी असतो. माझा सल्ला असा की सगळ्या नळ्या एकदाच इथेनॉल सोसणाऱ्या, एसएई जे३० आर९ दर्जाच्या घ्याव्यात; नळीवर हा शिक्का छापलेला असतो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी आणि गाडी सोसायटीच्या आवारात नुसती चालू करून बंद करण्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी.

याच पेट्रोलामुळे मिश्रणही थोडे पातळ होते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; २० टक्के इथेनॉल असले की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) तेच राहिले, तर इंजिनला गरजेपेक्षा कमी इंधन मिळते. आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते त्या वेळचा) मिक्श्चर स्क्रू थोडा उघडून हे बहुतेक वेळा सावरते. मेन जेट मोठे करण्याची घाई मी करत नाही. आधी प्लगचा रंग पाहतो, आणि गाडी चढावर ओढत नसेल तरच एक पायरी मोठे जेट घालतो. जेटच्या भोकात तार किंवा सुई घालून ते साफ करण्याची पद्धत मात्र कायमची बंद करावी. पितळ मऊ असते, भोक नकळत मोठे होते आणि मग कोणत्याही ट्युनिंगने गाडी ताळ्यावर येत नाही.

चोकच्या (थंड गाडीला जास्त पेट्रोल देणाऱ्या सोयीच्या) वापराबद्दलही बोलले पाहिजे, कारण सकाळच्या त्रासाचा काही भाग सवयीत दडलेला असतो. काही कार्ब्युरेटरमध्ये तोंडावर झडप असते. त्यात चोक ओढण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा आणि मग सेल्फ मारावा. सोलेक्स कंपनीच्या काही प्रकारांत झडप नसते. बाजूला फिरणारी चकती असलेली स्वतंत्र सुरुवातीची वाट असते, आणि ती थ्रॉटल बंद असतानाच्या खेचेवर चालते. अशा कार्ब्युरेटरवर सेल्फ मारताना पाय दाबला की ती खेच नाहीशी होते आणि चोक पूर्ण ओढलेला असूनही त्याचा उपयोग होत नाही. आपला कार्ब्युरेटर कोणत्या प्रकारचा आहे, हे एअर फिल्टर काढला असतानाच पाहून घ्यावे. तसेच चोकची वायर डॅशबोर्डवर पूर्ण ओढल्यावर कार्ब्युरेटरकडची कळ शेवटपर्यंत जाते का आणि आत ढकलल्यावर पूर्ण मागे येते का, हेही पाहावे. पूर्ण मागे न येणारा चोक गरम गाडी पेट्रोलने बुडवतो.

आता गरम गाडी. गायमुखच्या चढावर रांगेत सरकून आलेली गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते आणि इंजिनची उष्णता वर बॉनेटखाली साठते. बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतो. चेंबरमधले पेट्रोल उकळून मुख्य नळीतून मॅनिफोल्डमध्ये सांडते, आत दाट वाफ भरते आणि प्लग ओले होतात. अर्ध्या तासात ती वाफ विरते आणि गाडी ‘आपोआप’ सुरू होते. आपण दिलेले वर्णन याच्याशी जुळते. परंतु फ्लोटची (चेंबरमधल्या तरंगत्या भागाची) पातळी जास्त असेल किंवा नीडल (चेंबर भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई) पक्की बसत नसेल, तरी असाच वास येतो आणि प्लग असेच ओले होतात. दोन्ही वेगळे ओळखण्याची खात्रीची रीत अशी आहे : गाडी चांगली गरम करून आणावी, एअर फिल्टर काढावा आणि आयडलवर चालू असतानाच थोड्या अंतरावरून टॉर्चने आत पाहावे. आयडलवरच मुख्य नळीतून थेंब पडत असतील, तर पातळी किंवा नीडल दोषी आहे. आयडलवर नळी कोरडी, पण बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी थेंब सुरू होत असतील, तर पेट्रोल उकळते आहे. हे करताना जवळ अग्निशामक असावा, विडी-सिगारेट नसावी, आणि कोणी सेल्फ मारत असताना चेहरा कार्ब्युरेटरवर नेऊ नये. उलट भडका याच वेळी येतो. कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सुरू करण्याची पद्धत मी माझ्याकडे कोणालाच करू देत नाही.

नीडल दोषी निघाली, तर ती काढून तिच्या निमुळत्या टोकावरून नख फिरवावे. गोल चरा लागला की नीडल आणि तिची सीट जोडीनेच बदलावी. किटमध्ये नवी नीडल घातली आणि सीट जुनीच ठेवली, असे पुष्कळदा घडते. आपल्या गाडीत तेच झाले का, हे मेकॅनिकना विचारावे. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले, तर त्याला बारीक भोक आहे आणि तो बुडून पातळी वाढवतो. गरम पाण्यात धरला की भोकातून बुडबुडे येतात. पंपाचा दाबही पाहावा, कारण बदली बसवलेला पंप किंवा त्याखालचे गॅस्केट मूळ जाडीचे नसेल, तर तो नीडलला ढकलून पेट्रोल आत घालतो.

पेट्रोल उकळते आहे असे ठरले, तर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला जाड, उष्णता अडवणारा काळा तुकडा जागेवर आहे का, ते पाहावे. पूर्वीच्या कुठल्या तरी कामात तो काढून नुसते कागदी गॅस्केट घातलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. हा तुकडा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत शोधल्यावर मिळतो. बसवताना नट समान आणि माफक कसावेत. जास्त कसल्याने कार्ब्युरेटरचा तळ वाकतो आणि तिथून हवा घेऊ लागतो. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी आणि रेडिएटर आतून तुंबलेला नाही ना, हेही पाहावे. तोपर्यंत गरम गाडी अडली तर चोकला हात लावू नये. ॲक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरावा, मारत राहू नये, आणि सेल्फ द्यावा. साचलेली वाफ हवेबरोबर निघून जाते आणि गाडी थोडी अडखळत सुरू होते.

हे सगळे निर्दोष निघाले, तरच टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांकडे वळावे. टॅपेटचे अंतर आवळले गेले, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि थंड इंजिन फिरते पण पकडत नाही. बिडाचे हेड असलेल्या जुन्या अँबेसॅडरमध्ये शिशाचे पेट्रोल २००० साली देशभर बंद झाल्यापासून एक्झॉस्टची सीट झिजून हे जास्त होते. आपल्या गाडीत चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांपासून दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले की पुरे.

दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवण्याला माझा विरोध जुन्याच्या हट्टापायी नाही. त्या कार्ब्युरेटरची जेट आणि हवेची वाट त्याच्या स्वतःच्या इंजिनासाठी मोजलेली असतात. मधे ॲडॅप्टर पट्टी घालावी लागते आणि तिथून हवा घेण्याची नवी जागा तयार होते. उकळणाऱ्या पेट्रोलवर तर त्याने काहीच इलाज होत नाही, कारण उष्णता तीच राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून पूर्ण गेली आणि तिच्यावर हात बसलेल्या कारागिरांचे रोजचे काम गेले. त्यामुळे ‘याचे काही होणार नाही, बदलून टाका’ हे वाक्य आता सहज ऐकू येते. आपल्या कार्ब्युरेटरची थ्रॉटलची दांडी वर-खाली हलत असेल, तर तेवढा भाग बुश घालून नीट होतो. वागळे इस्टेटमध्ये लेथवर असे बारीक काम करणारे आहेत. बुश घालताना दांडी जुनीच न ठेवता ती झिजली असेल त्या मापाने नवी करून घ्यावी, आणि काम होईपर्यंत मूळ जेट एका डबीत स्वतःकडे ठेवावीत.